स्वारापेक्षा एक माप मोठं

आमच्या दादाला खुर्ची देताना लोक आधी खुर्चीकडे बघतात. तोंडाने "बसा ना, बसा" चालू असतं आणि डोळे खुर्चीचे सांधे तपासत असतात. दादाला ते कळतं. "उभंच बरं वाटतं मला," असं म्हणून तो भिंतीला टेकतो आणि त्या घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मला असल्या लोकांचा मनस्वी राग येतो. मोडली असती एखादी खुर्ची, तर काय आभाळ कोसळलं असतं?

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. दारातून येताना त्याला वाकावंही लागतं आणि तिरकंही व्हावं लागतं. कामावर त्याला सगळे 'कपाट' म्हणतात, आणि गंमत म्हणजे तो कपाटंच उचलतो. घर बदलणाऱ्या लोकांचं सामान हलवण्याचा त्याचा धंदा आहे. कपाटाचे खण आधी काढायचे, दारं दोरीने बांधायची, आरसा दोन गाद्यांच्या मधे सरकवायचा, फ्रिजला जुनी ब्लँकेटं गुंडाळायची. मग रुंद पट्टा खांद्यावरून घेऊन दादा खाली बसतो, एक श्वास घेतो आणि उठतो. जिना उतरताना सगळं वजन खालच्या माणसावर येतं, आणि तो खालचा माणूस नेहमी दादाच असतो. मी एकदा विचारलं, "आळीपाळीने का नाही रे करत?" तर म्हणाला, "ते बारके आहेत गं." ते बारके म्हणजे चांगले दांडगे बाप्ये आहेत, मिशा आहेत त्यांना. पण दादाच्या लेखी सगळं जग बारकं, आणि बारक्यांनी ओझं उचलायचं नसतं.

हे त्याच्या डोक्यात भरवलं आमच्या आईने. मी जन्मले तेव्हा दादा चार वर्षांचा होता आणि दिसायचा सात वर्षांचा. आईच्या मांडीवर मी आले आणि तो उतरला. कुणी ढकललं नाही त्याला, पण मांडी एकच होती. "तू मोठा ना?" हे वाक्य आईने तेव्हा जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. पाणी भर, तू मोठा ना. बहिणीला घे, तू मोठा ना. रडू नकोस, तू मोठा ना. त्या वेळचा आमचा एक फोटो आहे. आई खुर्चीत, मी तिच्या मांडीवर, आणि खुर्चीचा हात धरून हा दांडगोबा उभा. आई हसतेय, मी हसतेय, दादाही हसतोय. फक्त तो फोटोवाल्याकडे बघत नाहीये. मी जिथे बसलेय तिकडे बघतोय.

आई वाईट नव्हती, हे सांगायला हवं. दोन लेकरं, एकटी बाई, दिवसभर कारखान्यात उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा उभं राहायचं. एवढ्या वजनदार मुलाला ती कशी उचलणार होती? एक मूल आपसूक मोठं झालं याचा तिला आधारच वाटला असणार.

बागेत मुलांना तट्टावर बसवून फेरी मारून आणणारा एक माणूस यायचा. आई आम्हा दोघांना घेऊन रांगेत उभी राहिली. दादाने त्या दिवशी न सांगता केस विंचरले होते. आमचा नंबर आला तेव्हा तट्टूवाल्याने दादाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "हा नको बाई. जनावराची पाठ जाईल." मग मी एकटी बसले आणि दादा माझी कंबर धरून शेजारून चालत राहिला. मी पडेन म्हणून तो इतका जपत होता की त्याचं तट्टाकडे लक्षच नव्हतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

शाळेत मुलांचा मनोरा रचायचे, तेव्हाही हा सगळ्यात खाली. पुढे लग्न झालं, पोरं झाली, तर पोरांचा घोडा हाच. पोरांचे मित्र आले की त्यांचाही घोडा हाच. वहिनी म्हणायची, "अहो, माणूस आहात की घोड्यांचा तबेला?" तो हसायचा. दादाला हसताना पाहून लोकांना वाटतं, की याचं सगळं ठीक चाललंय.

त्याला काय हवं होतं ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही खेळता खेळता. त्याला कुणीतरी एकदा उचलायला हवं होतं. बस, एवढंच. जन्मभर सगळ्यांना पाठीवर घेतलेल्या माणसाला एकदा कुणाच्या तरी पाठीवर बसायचं होतं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी शटर अर्धं खाली ओढून आम्ही मागच्या खोलीत खेळायला बसतो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, टेबलावर चहा, बिस्किटं, पेन्सिली आणि फासे. आमच्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारी मी. मी म्हणते, "समोर दरी आहे." ते म्हणतात, "आम्ही दोर टाकतो." दोर टिकतो की तुटतो ते फासे ठरवतात, आणि फाशांनी कसं ठरवायचं ते नियमांचं पुस्तक ठरवतं. पुस्तक माझ्याकडे असतं. ते मी कुणासाठी वाकवत नाही. माझ्या पाठीमागे मला फौजदारीण म्हणतात, ते मला माहीत आहे.

खेळायला दोघे ठरलेले. एक मास्तर, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले, स्वभावाने साखर. दुसऱ्या नर्सबाई, इस्पितळात काम करून करून कुणालाही हुकूम सोडायची सवय लागलेल्या. दोघंही मूळची माझी गिऱ्हाइकं. दादा एकदा माझं फ्रेमांचं शोकेस हलवायला आला, घाम पुसत दारात उभा राहिला, आणि आमचा खेळ संपेपर्यंत तिथून हललाच नाही. पुढच्या आठवड्यात मी त्याच्यासाठी लोखंडी स्टूल आणून ठेवलं. कुणाच्या नजरेची पर्वा न करता तो त्याच्यावर बसला.

"तू कोण होणार?" मी विचारलं. राक्षसाच्या कुळातला एखादा पहिलवान हा निवडणार, अशी मास्तरांची खात्री होती. त्यांनी कागदावर 'गदा' लिहूनही ठेवलं होतं.

दादा म्हणाला, "सगळ्यात लहान कोण असतं?"

मी सांगितलं, बुटके असतात, आपल्या कमरेइतके. चपळ असतात, पण मार फार खातात.

"त्याला बसायला काय मिळतं?"

हा प्रश्न आजवर कुणी पहिल्याच दिवशी विचारला नव्हता. मी पुस्तक उघडून नियम सांगितला. या खेळात प्रत्येक जिवाला माप असतं: इवलं, लहान, मध्यम, मोठं, अजस्र. ज्याच्यावर बसायचं ते जनावर स्वारापेक्षा किमान एक माप मोठं असलं पाहिजे. माणूस मध्यम, म्हणून त्याला घोडा लागतो, कारण घोडा मोठा. बुटका लहान, म्हणून त्याला मध्यम जनावर चालतं. उदाहरणार्थ दांडगा कुत्रा.

"कुत्रा मला घेऊन पळेल?"

"आरामात."

"दमणार नाही?"

"नाही रे दमणार. तू लहान आहेस."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. तो लहान आहे हे त्याला कुणी सांगितल्याला जन्म लोटला असेल. मग त्याने पेन्सिल घेतली आणि मोठ्या बोटांनी बारीक अक्षरात कागदावर नाव लिहिलं, चिमूट. कुत्र्याचं नाव झिपऱ्या.

तिथून पुढे आमच्या दुपारी बदलल्या. नर्सबाई तलवार चालवायच्या, मास्तर मंत्र टाकायचे आणि दादा झिपऱ्यावर बसायचा. झिपऱ्या म्हणजे नुसतं वाहन नव्हतं. तो चिमूटचा सोबती होता, स्वतःहून मागे लागलेला. अशा सोबत्याला या खेळात मान असतो. सोबती विकता येत नाही आणि बदलता येत नाही. खोगीर कसं बांधलंय, झिपऱ्याच्या पोटाला काचत तर नाही ना, चढ आला की त्याला धाप लागते का, हे सगळं दादा विचारायचा. इतरांनी आपली गाठोडी झिपऱ्यावर टाकायची म्हटलं की तो साफ नाही म्हणायचा. स्वतःचं पांघरूणसुद्धा त्याने एका गावात देऊन टाकलं, झिपऱ्याला हलकं वाटावं म्हणून. आणि मी "झिपऱ्या दौडतो" म्हटलं, की दादाचे खांदे हळूच सैल व्हायचे. एरवी ते खांदे कायम पट्टा चढवल्यासारखे असतात. माझ्या डोळ्यांदेखत माझा भाऊ चार वर्षांचा व्हायचा. मी मुद्दाम वाटा लांबच्या काढत असे. दरीला वळसा, नदीला वळसा. नर्सबाई वैतागायच्या, "अहो ताई, पोचायचंय की नाही कुठे?"

आणि मग मास्तरांनी चांगुलपणा केला.

आमच्या टेबलाची एक रीत आहे. टेबलावर बोललं ते घडलं. नर्सबाई घटकेत एक आणि घटकेत दुसरं बोलायच्या, म्हणून ही रीत मीच घातली. एकदा शब्द तोंडातून गेला की "नाही नाही, मी असं करतच नाही" चालणार नाही. तर त्या दुपारी गोष्टीत एका बुजलेल्या विहिरीतून या तिघांनी एका म्हातारीला बाहेर काढलं. म्हातारी होती जादूगारीण. ज्याने दोर ओढला, त्याला तिने एक वर दिला, पण अट अशी की वर दुसऱ्यासाठी मागायचा. दोर ओढला होता मास्तरांनी.

मास्तर विचारात पडले. त्यांनी दादाकडे पाहिलं. चिमूट प्रत्येक लढाईत मार खायचा, लोक त्याला हसायचे, सरायांमध्ये त्याला दुधाचा पेला द्यायचे. मास्तरांना ते लागत होतं. त्यांना वाटलं, बिचाऱ्याने हौसेने लहान पात्र घेतलं आणि अडकला. भिडस्त माणूस, बोलत नाही.

"मागतो," मास्तर म्हणाले. चेहरा आनंदाने फुललेला. "आमच्या चिमूटला मोठा कर. आमच्याएवढा."

मी तोंड उघडेपर्यंत शब्द जाऊन चुकला होता.

"छान!" नर्सबाईंनी टाळी वाजवली.

मी सांगत गेले, कारण सांगणं भाग होतं. चिमूटचे हात लांब झाले, सदरा उसवला, झाडाच्या ज्या फांद्या डोक्यावर होत्या त्या डोळ्यांसमोर आल्या. दादा ऐकत होता. सगळं झाल्यावर त्याने विचारलं, "आणि झिपऱ्या?"

"झिपऱ्या तेवढाच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो मध्यम आणि तूही मध्यम. आता बसता येणार नाही."

मास्तरांचा चेहरा पडायला एक क्षण लागला. मग ते घाईघाईने म्हणाले, "अहो, मग घोडा घ्या ना! पुढच्याच गावात बाजार आहे. काय ताई, आहे ना?"

"घोडा नको," दादा म्हणाला. "झिपऱ्याला काय वाटेल? राहू दे. मी चालतो."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मास्तर त्या दिवशी चहा न पिता गेले.

दादा येत राहिला. मला भीती होती की तो येणारच नाही, पण आला, स्टुलावर बसला, आपल्या वाट्याचे फासे टाकत राहिला. गोष्टीत चिमूट झिपऱ्याच्या शेजारून चालायचा. खोगीर त्याने उतरवलं नाही. मी एकदा म्हटलंही, की रिकामं खोगीर कशाला वागवायचं, तर म्हणाला, "असू दे. हलकं आहे." बाकीच्यांना मात्र मोठ्या चिमूटचा फार उपयोग व्हायला लागला. मोठा झाला तशी त्याची ताकदही वाढली होती ना! नर्सबाईंचं चिलखत, मास्तरांच्या पोथ्या, तंबू, दोर, सगळं हळूहळू चिमूटच्या पाठीवर गेलं. कुणी लादलं नाही. वाटेत कुणी नुसतं "हे जड झालंय" म्हटलं, की दादाच्या तोंडून आपसूक निघायचं, "दे इकडे." पुस्तकाप्रमाणे चिमूट किती पेलू शकतो ते मी बघायचे आणि गप्प बसायचे. नियमात बसत होतं सगळं. जगात एक जागा अशी होती जिथे हा माणूस ओझं नव्हता वाहत, आणि तीही गेली.

एके दिवशी वहिनी दुकानात आली. चष्म्याची दांडी सैल झाली हे निमित्त.

"वन्सं, तुमचं आणि ह्यांचं काही बिनसलंय का?"

"नाही गं. का?"

"गप्प गप्प असतात. तुमच्याकडून आले की आधी कसे बोलत सुटायचे. झिपऱ्या असा पळाला आणि तसा पळाला. मला मेलीला वाटायचं, काय हा पोरखेळ! आता ते नाव काढत नाहीत, तर घर कसं सुनं वाटतं."

मी तिला सगळं सांगितलं. आधी तिला हसू आलं. येणारच. एवढा मोठा बाप्या, कागदावरच्या कुत्र्यासाठी झुरतोय म्हटल्यावर कुणालाही येईल. मग तिचं हसू ओसरलं आणि ती बराच वेळ दांडीशी खेळत बसली.

"मला वाटायचं, ह्यांना उचलायलाच आवडतं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. या खेपेला दांडी वगैरे काही नव्हतं. आत येऊन पडदा लावून घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "हसू नका हं. काल मी प्रयत्न केला."

"कसला?"

"ते ओट्याशी उभे होते. मी मागून जाऊन कंबरेला मिठी घातली आणि जोर लावला. सगळा जोर लावला हो. तसूभर हलले नाहीत. उलट मलाच विचारतात कसे, 'काय शोधतेस?'"

मी हसले. तीही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काउंटरखालचं पुसायचं फडकं तिला दिलं. एवढीशी बाई. आमच्या सगळ्या घराण्यात दादाला उचलायचा प्रयत्न केलेलं ते पहिलं माणूस.

मास्तर तर रोज उठून मलाच साकडं घालायचे. "ताई, एकदा वाकवा ना नियम. माझी चूक, शिक्षा त्यांना. तुम्ही सांगणाऱ्या आहात, तुमच्या हातात आहे सगळं." शेवटी एका दुपारी टेबलावरच बोलले ते. आणि खरं सांगते, मी वाकवायला तयार होते. फौजदारीण असेन, पण दगड नाही. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "ठीक आहे. झिपऱ्या दांडगा कुत्रा आहे. धरू या की तो चिमूटला पेलतो."

"नाही पेलणार," दादा म्हणाला.

"अरे, मी म्हणतेय ना, पेलतो."

"तू म्हणशील गं ठमे." लहानपणापासून तो मला ठमी म्हणतो, मी चाळिशी ओलांडली तरी. "पण त्याच्या पाठीचं काय? मला माहीत आहे पाठ काय म्हणते ते. न पेलणारं ओझं घेऊन उठलं की पहिले काही दिवस काही होत नाही. माणूस हसतो, बोलतो. नंतर कळतं. ज्याला पेलत नाही, त्याच्या पाठीवर बसायचं नाही. नियम बरोबर आहे."

स्वतःच्या पाठीबद्दल इतकं तो पहिल्यांदाच बोलला होता. नर्सबाईंनी त्याच्याकडे नर्सच्या नजरेने पाहिलं. "दुखते का हो?" म्हणाल्या. दादा म्हणाला, "चला, कुणाचा डाव आहे?"

तेव्हा मी घरी जाऊन पुस्तक नव्याने वाचायला घेतलं, आणि सोबत्यांच्या प्रकरणात मला हवं ते सापडलं. सोबती जनावर धन्याच्या अनुभवाबरोबर, म्हणजे लढायांत आणि प्रवासात मिळालेल्या गुणांबरोबर, वाढतं. धनी अमुक पायरीवर पोचला, की सोबती एक माप मोठा होतो. चिमूट त्या पायरीपासून लांब होता, पण ती पायरी होती. मी पुढच्या दुपारी फक्त एवढंच म्हणाले, "झिपऱ्या वाढेल. पण खरी वाट चालून. मी देणार नाही."

"मला दिलेलं नकोच आहे," दादा म्हणाला, पण त्याने पेन्सिलीने झिपऱ्याच्या नावाखाली एक रेघ ओढली.

मग आम्ही खेळलो. किती खेळलो! दादाचे पोरगे शाळेतून कॉलेजात गेले, नर्सबाईंचा नंबर दोनदा वाढला, मास्तरांच्या हाताला कंप सुटला आणि त्यांचे फासे टेबलाखाली जायला लागले. चिमूट चालत होता. एका लढाईत झिपऱ्या जखमी झाला, तेव्हा चिमूटने सगळी गाठोडी टाकून त्याला खांद्यावर घेतलं आणि डोंगर उतरवला. दादाने ते सगळं इतक्या सहज सांगितलं, की मला वाईट वाटायचंच राहून गेलं. नंतर दुकान बंद करताना वाटलं. आता कुत्र्यालाही हाच उचलतोय.

या सगळ्या वाटेला एक शेवट होता, आणि तो पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. डोंगराच्या पोटात एक नगर, त्या नगरात कोंडलेला राजा, त्याला सोडवायचं. मास्तर आणि नर्सबाई त्या दिवसाची वाट बघत होते. डोंगराच्या दारातल्या पहारेकऱ्यांना त्यांनी हरवलं, मी सगळ्यांचा अनुभव मोजला, आणि मोजताना माझा हात थांबला. चिमूट त्या पायरीवर पोचला होता.

"दादा," मी म्हणाले, "झिपऱ्याकडे बघ."

तो बघत होता, समोरच्या रिकाम्या टेबलाकडे. मी सांगितलं. झिपऱ्या अंग झाडतो. झाडता झाडता त्याच्या पाठीची कमान वर जाते, छाती रुंदावते, खोगीराचे पट्टे करकरतात आणि शेवटच्या भोकापर्यंत सरकतात. तो चिमूटकडे बघतो, आता वरून बघतो.

"मोठा झाला?" दादाने विचारलं.

"मोठं माप. तू मध्यम."

मास्तर रडायलाच लागले. नर्सबाई त्यांच्या पाठीवर थापटत म्हणाल्या, "झालं ना आता? चला, बसा दादा झिपऱ्यावर, आणि चला आत. राजा वाट बघतोय."

मला ते सांगावंच लागलं. डोंगरातला जिना अरुंद आहे, एका वेळी एक माणूस जाईल एवढा. मोठ्या मापाचं जनावर त्यातून जात नाही. ज्या दिवशी नगर रचलं त्या दिवशीच जिना रचला होता मी, तेव्हा चिमूट अजून बुटका होता आणि झिपऱ्या मध्यम. बदलता आला असता. पण टेबलावर बोललं ते घडलं, आणि जिन्याचं मी मागेच बोलून बसले होते.

मग नर्सबाईंनी व्यवहार पाहिला. "ठीक आहे. झिपऱ्या बाहेर थांबेल. काम उरकून आलो की दादा बसतील. जातोय कुठे तो?"

ते बरोबरच होतं. आत गेल्याशिवाय राजा सुटणार नव्हता आणि चिमूटशिवाय आत टिकाव लागणं कठीण होतं. आतून कुणी परत येईल की नाही, याचीही खात्री नव्हती. फासे आहेत शेवटी. इतकी वर्षं चालत आलो ते या दारासाठी. मी दादाकडे पाहिलं. तो आता "दे इकडे" म्हणणार आणि गाठोडी उचलून सगळ्यात पुढे जिना उतरणार, हे मला दिसतच होतं. जिना उतरताना खाली तोच असतो.

दादा म्हणाला, "तुम्ही जा. मी बाहेर थांबतो."

"अहो, पण एवढं सामान?" नर्सबाई म्हणाल्या. "दोर, तंबू, माझं चिलखत? ते कोण उचलणार?"

दादाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळव्यांना पट्ट्याचे घट्टे आहेत त्याच्या, जुने.

"ज्याचं त्यानं," तो म्हणाला.

मी या माणसाची बहीण आहे. हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आईसमोर नाही, कामावर नाही, घरात नाही. नर्सबाईंनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी चिमूटच्या कागदावर लिहिलेल्या आपल्या पोथ्यांकडे. मग त्यांनी रबर घेतलं, चिमूटच्या कागदावरून आपलं ओझं खोडलं, आणि कापऱ्या हाताने आपल्या कागदावर लिहून घेतलं. नर्सबाईंनीही लिहून घेतलं.

दादाने डोळे मिटले. "चढतो," म्हणाला.

मी फासे टाकायला सांगितले नाहीत. लागतच नाहीत. आपल्या सोबत्यावर बसायला फासे टाकायचे असतात असं कुठल्याच पुस्तकात नाही. मी सांगायला लागले. झिपऱ्या खाली बसला. तू खोगीरावर बसलास. त्याच्या पाठीखालून ऊब वर येतेय. तो उठला, आधी मागून, मग पुढून. समोर माळ आहे, मोकळा, कुठपर्यंत ते दिसत नाही. तो चालतोय. आता जरा वेगाने. आता तो पळतोय, दादा, आणि त्याला काही जड वाटत नाहीये. मागे वळूनसुद्धा बघत नाहीये तो. तू आहेस हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याला जड वाटत नाहीये.

माझा आवाज मला नीट ऐकू येत नव्हता. आईच्या मांडीवर मी होते. तट्टावर मी होते. याच्या खांद्यावरही जन्मभर मीच होते. आणि आता माझ्याकडे त्याला द्यायला होतं ते एवढंच, शब्द.

दादाचे खांदे खाली आले. मान किंचित वर झाली. लोखंडी स्टुलावर तो एवढा मोठा माणूस अगदी न हलता बसला होता.

"ठमे," डोळे न उघडता त्याने विचारलं, "माझे पाय जमिनीला लागतायत का?"

"नाही, दादा."

"नक्की?"

"नक्की. नियमात बघून सांगतेय. नाही लागत."

"मग थांबवू नकोस त्याला," तो म्हणाला.